बॉडी तुटली म्हणून गेम टाकू नका, आणि नुसता रंगही मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत अधूनमधून ते ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो येतात ना, जुनी खुर्ची, गंजलेली सायकल वगैरे, त्यात मागे एकदा घरी बनवलेल्या हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायच्या, गेमचे आले होते. डावीकडे कोपरा फुटलेली, ओरखडे पडलेली बॉडी, उजवीकडे तीच बॉडी चकाचक, आणि खाली चार ओळी की लांबी (पुट्टी) भरा, घासा, स्प्रे मारा, झालं. हे पत्र त्या चार ओळींबद्दल आहे. लांबलंय, तुम्हाला कापायचं तिथे कापा, फक्त बॅटरीचा भाग कापू नका एवढी विनंती.

माझं म्हणणं असं की रंग हे यातलं शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम आहे. बॉडी का तुटली हे न बघता वरून लांबी चोपडली आणि रंग मारला तर फोटोपुरतं छान दिसतं, पण गेम परत हातात घेऊन खेळायला लागलं की तीच चीर रंगातून वर येते, आणि मग माणूस वैतागून म्हणतो की जाऊ दे, टाकून देऊ, नवीन थ्रीडी प्रिंट मारू. माझा राग त्या टाकून देण्यावर जास्त आहे, लेखावर कमी.

कारण या गेममध्ये स्वतः केलेलं असतं काय? बोर्ड विकतचा, स्क्रीन विकतची, जुने गेम चालवणारं रेट्रोपायसारखं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड केलेलं. रास्पबेरी पाय झिरो हा छोटा कॉम्प्युटर तर ६५ बाय ३० मिलिमीटरचा बोर्ड, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा त्यांच्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून अंकाबरोबर फुकट दिला होता (संपादक साहेब, बघा तुम्हाला जमलं तर). म्हणजे आतलं सगळं जगात लाखो लोकांकडे आहे तसंच. बॉडी तेवढी आपली. थ्रीडी प्रिंटर घरोघरी यायच्या आधी तर लोक टीव्हीला जोडावे लागणारे जुने गेम उघडून बोर्ड लहान करायचे आणि बॉडी म्हणून दोन-तीन जुन्या गेमचे तुकडे करवतीने कापून एकमेकांना जोडायचे, मधल्या फटी गाड्यांच्या लांबीने भरायचे. बेन हेकेंडॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाने २००० च्या सुमारास १९७७ सालचा अटारी २६०० हा टीव्हीवरचा गेम असाच हातात मावेल एवढा करून दाखवला आणि पुढे कित्येकांना हा नाद लागला. तशा बॉडीचं तर दुसरं पीस निघणंच शक्य नाही.

आता कुणी म्हणेल प्रिंट केलेल्या बॉडीचं तसं नाही, फाइल आहे, बटण दाबलं की दुसरी तयार. माझा भाचा अगदी हेच म्हणाला. त्याचा गेम वरच्या डाव्या कोपऱ्यावर पडला, खांद्याच्या, म्हणजे वरच्या कडेवरच्या, बटणापाशी टवका उडाला आणि तिथून एक चीर स्क्रीनच्या खिडकीपर्यंत गेली. "मामा, तू सोड ना, रात्री प्रिंटर लावून ठेवतो, सकाळी नवीन बॉडी." म्हटलं लाव. मग लॅपटॉप उघडून बसला आणि तासाभराने तोंड पाडून आला, कारण फाइलमधली बॉडी आणि हातातली बॉडी एक नव्हतीच. चार्जिंगचं भोक त्याने नंतर कानशीने रुंद केलेलं, स्पीकर बसत नव्हता म्हणून आतली एक भिंत कटरने छाटलेली, स्क्रीन अर्धा मिलिमीटर खाली घेतलेली आणि तिच्यामागे पुठ्ठ्याची पट्टी, एक वायर जात नव्हती म्हणून सोल्डरिंग आयर्न टेकवून काठाला खाच पाडलेली. यातलं काहीही फाइलमध्ये नाही. सगळं परत मोजून फाइलमध्ये घालायचं, परत प्रिंट, परत घासणं, परत जमवणं, त्यापेक्षा आहे ती बॉडी दुरुस्त करणं कमी कटकटीचं, आणि त्याने स्वतः केलेल्या सगळ्या खटपटी जागच्या जागी राहतात ते वेगळंच.

तर पहिलं काम म्हणजे उघडणं. उघडताना मोबाइलवर फोटो काढत जायचं, कुठली वायर कुठे ते नंतर आठवत नाही, आणि घरी बनवलेल्या गेममध्ये वायरींचे रंग म्हणजे त्या दिवशी हाताला जी वायर लागली तिचा रंग, त्यावर विसंबायचं नाही. उघडल्याबरोबर बॅटरी बाहेर. स्क्रीन, बोर्ड, बटणांखालचे रबर, स्पीकर सगळंच बाहेर काढायचंय पण बॅटरी आधी. या गेममध्ये बहुतेक ती चपटी लिथियम पॉलिमर असते, ३.७ व्होल्टची म्हणतात, पूर्ण चार्जला ४.२ जाते. तिला पाणी, थिनरची वाफ, हेअर ड्रायरची उष्णता, सुटलेला स्क्रू यातलं काहीच चालत नाही, आणि या कामात हे सगळंच असतं. काढून कोरड्या जागी, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायची, काम लांबणार असेल तर अर्धवट चार्जवर, म्हणजे ३.८ व्होल्टच्या आसपास, ठेवलेली बरी.

आणि तिच्याकडे नीट बघायचं. उशीसारखी फुगलीय का? बऱ्याचदा मागचं कव्हर मधोमध उचललं जातं, स्क्रूपाशी बारीक चिरा दिसतात, आणि आपण म्हणतो प्लास्टिक जुनं झालं. प्लास्टिकचा काही दोष नसतो, आतून बॅटरी ढकलत असते. अशी बॅटरी दाबून परत बसवायची नाही, टोचायची नाही, चार्जलाही लावायची नाही, ई-कचरा घेतात तिथे जमा करायची. नवी घेताना कनेक्टर टचकन बसला म्हणजे झालं असं समजू नका, या छोट्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये लाल-काळी कुठल्या बाजूला हे सगळे बनवणारे एकसारखं ठेवत नाहीत, मीटर लावून बघायचं आणि मगच जोडायची. उलटी लागली तर चार्जिंगचा बोर्ड जातो, आणि बोर्ड गेला तर नशीबच म्हणायचं कारण याहून वाईटही होऊ शकतं. तुमच्या लेखात बॅटरी हा शब्दच नव्हता.

मग बॉडी का तुटली ते बघायचं. पडली म्हणून तुटली हे उत्तर अर्धवट आहे, पडतात तर सगळेच गेम. प्रिंट केलेली बॉडी थरांची असते आणि ती थरांच्या मधून फाटते, त्यामुळे उभे प्रिंट झालेले स्क्रूचे खांब सगळ्यात आधी जातात, स्क्रू जरा जास्त आवळला की खांब बुडातून सुटतो. काटकोनी कोपरे दुसरे, आतून गोलाई नसेल तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. आणि तिसरी गोष्ट उष्णता, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक घरगुती प्रिंट पीएलए प्लास्टिकचे असतात आणि पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. पीईटीजी ऐंशीपर्यंत टिकतं, एबीएस शंभराच्या वर. आणि आतली चिप? ती साधारण ऐंशी डिग्रीला पोचल्यावर कुठे स्वतःहून वेग कमी करते, म्हणजे तोपर्यंत ती बिनधास्त तापू शकते. भाच्याच्या गेममध्ये डाव्या बाजूचा खांब चिपच्या अगदी शेजारी होता. बघितलं तर किंचित वाकलेला, आटे गुळगुळीत झालेले, स्क्रू नुसता फिरत होता. म्हणजे तो कोपरा पडायच्या आधीपासूनच सुटलेला होता, पडल्यावर फक्त उघडला. आता तिथे बाहेरून लांबी भरून लाल रंग मारला असता तर काय फरक पडला असता?

चिरा शोधायला अंधारात बॉडीच्या आतून टॉर्च लावायचा. जिथून उजेडाची केसाएवढी रेघ दिसते तिथपर्यंत चीर गेलेली असते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसते त्यापेक्षा लांब असते हे गृहीत धरा. तिच्या टोकाशी एक मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे सरकत नाही. गाडीच्या, विमानाच्या पत्र्याला पण हेच करतात. भोक दिसेल म्हणून घाबरायचं नाही, ते पुढे भरलं जाणारच आहे.

जोडायच्या आधी प्लास्टिक कुठलं ते माहीत पाहिजे. स्वतः प्रिंट केलं असेल तर प्रश्न नाही, पण दुसऱ्याकडून आलेला गेम असेल तर आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने थोडं अ‍ॅसिटोन लावून बघायचं. एबीएस असेल तर लगेच चिकट होतं आणि कापसाला रंग लागतो. पीएलएवर तसा काही परिणाम होत नाही. एबीएस असेल तर काम सोपं, त्याच प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून घट्टसर लगदा करायचा आणि चिरेत भरायचा, ते सुकल्यावर एकजीव होतं, गमने चिकटवल्यासारखं राहत नाही. फक्त सुकायला वेळ द्यायचा, जाड थर असेल तर एक-दोन दिवस तो बसत जातो, खोल जातो. पीएलएला हे चालत नाही. तिथे मी दोन भागांचं इपॉक्सी वापरतो, चीर बाहेरून टेपने घट्ट धरायची, आतली बाजू जाड पॉलिश पेपरने खरबरीत करायची, आणि इपॉक्सीत भिजवलेली फायबरग्लासच्या कापडाची पट्टी चिरेवर आडवी लावायची. ताकद ती पट्टी देते, बाहेरची लांबी नाही. सुपरग्लू आणि खायच्या सोड्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते, सोडा टाकला की क्षणात दगड होतो, गरम पण होतो जरा सांभाळून, टवका भरायला ते बरं आहे पण जिथे बोटांचा दाब येतो तिथे नको, कडक असतं, लवत नाही, परत टिचतं. खांद्याचं बटण म्हणजे नेमकी तीच जागा.

खांबाचं काय केलं ते पण सांगतो. उरलेला खांब सरळ कापून टाकला, चिपपासून जरा लांब सरकवून नवीन बसवला, त्यात पितळी आट्याची बुशिंग, ती सोल्डरिंग आयर्नने गरम करून हळूच दाबली की प्लास्टिकमध्ये रुतून बसते आणि स्क्रू कितीही वेळा काढघाल केला तरी आटे जात नाहीत. खांबाच्या बुडाशी चारी बाजूंनी इपॉक्सीची गोलाई. आणि चिपवर उष्णता बाहेर टाकणारा धातूचा छोटा हीटसिंक, वर कव्हरला चार-पाच भोकं. ही भोकं रंगाच्या आधी पाडायची, नंतर ड्रिल घातलं की कडेचा रंग पोपड्यासारखा उडतो.

आता लांबी. पॉलिएस्टरची दोन भागांची, गाड्यांना वापरतात ती. हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के, लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढा. लोकांना वाटतं हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल, सुकते लवकर खरी, पण ठिसूळ होते आणि तो जास्तीचा हार्डनर नंतर रंगातून डाग होऊन वर येतो, पांढऱ्या रंगावर तर हमखास. दहा-पंधरा मिनिटांत घट्ट व्हायला लागते म्हणून थोडीथोडीच कालवायची. एकदम जाड थापायची नाही. ट्यूबमधून मिळते ती एका भागाची लांबी वेगळी, ती आतलं थिनर उडून सुकते म्हणून आकसते, सुईच्या टोकाएवढी भोकं भरायला ठीक, कोपरा बांधायला अजिबात नको, आज सपाट दिसेल आणि रंग मारल्यावर तिथे खड्डा.

घासण्याबद्दल लोक बोलत नाहीत कारण कंटाळवाणं आहे, पण खरा निकाल इथेच लागतो. आकार येईपर्यंत १२० किंवा १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, ४००, रंगाच्या आधी ६०० ते ८००. वॉटर पेपर घ्यायचा आणि पाणी लावून घासायचं, धूळ उडत नाही आणि पीएलए गरम होऊन चिकट होत नाही. मशीनने घासलंत तर पीएलए वितळून पेपरलाच चिकटतं. बोटांनी नाही, पेपर खोडरबराला किंवा लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळून घासायचं, नाहीतर बोटांच्या जागी लाटा पडतात आणि त्या प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत, दिसतच नाहीत.

त्या दिसाव्यात म्हणून एक युक्ती आहे, ती तरी छापाच. करड्या प्रायमरचा हात सुकला की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी लांबून उडता फवारा मारायचा, पूर्ण झाकायचं नाही, काळे ठिपके पडल्यासारखं. सुकलं की ४०० नंबरने हलकं घासायचं. जिथे उंच आहे तिथला काळा लगेच निघून करडा दिसतो, जिथे खड्डा आहे, थरांची रेघ आहे, चिरेची कड आहे, तिथे काळा तसाच राहतो. एरवी हात फिरवून "झालं की गुळगुळीत" म्हणणारा माणूस हे बघितल्यावर गप्प बसतो. भाचा बसला. चिरेच्या जागी काळी रेघ परत जशीच्या तशी उमटली होती, खिडकीच्या कोपऱ्यापासून बटणापर्यंत. मग परत लांबी, परत घासणं, परत प्रायमर, परत फवारा. काळं काहीच उरेनासं होईपर्यंत रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही.

आणि बटणं! प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) सगळे हात मिळून जाडी एक-दोन दशांश मिलिमीटर सहज वाढते. बटण आणि भोकामधली फट मुळात दोन-तीन दशांशाची. भोकाच्या आतल्या कडेला रंग गेला आणि बटणालाही रंग दिला की बटण दाबल्यावर आत जातं ते वर येतच नाही. त्यात प्लसच्या आकाराचं बटण सगळ्यात नाजूक. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली डाँकी काँगच्या गेम अँड वॉच या हातातल्या गेमसाठी ते काढलं, अजून त्याहून सोपं काही निघालेलं नाही असं माझं मत, पण ते मधल्या टेकूवर डुलतं, त्यामुळे चारी बाजूंची फट सारखी लागते, एका बाजूला रंगाचा ओघळ सुकलेला असेल तर उजवीकडे दाबलं की वरही दाबलं जातं आणि खेळणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. भोकांच्या आतल्या कडा रंगाआधीच कानशीने जरा मोकळ्या करून ठेवायच्या आणि रंग मारताना आतून टेप लावायची. बटणं रंगवूच नका खरं तर, बोटांनी रंग झिजतोच, त्यापेक्षा रंगीत फिलामेंटची (प्रिंटरमध्ये घालायच्या प्लास्टिकच्या तारेची) नवी बटणं प्रिंट करा, तिथे मला नव्या प्रिंटबद्दल काही म्हणायचं नाही.

रंगाचं मी थोडक्यात सांगतो कारण डब्यावर बरंच लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. आधी बॉडी साबणाच्या पाण्याने धुवायची, सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, त्यानंतर उघड्या हाताने धरायची नाही, बोटांचं तेल लागलेल्या जागी रंग धरत नाही. प्रायमर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे, इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो, म्हाताऱ्या आंब्याच्या सालीसारखा दिसतो. डबा एक-दोन मिनिटं नीट हलवायचा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून मारायचा, हात बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दमट हवेत मारू नका, लॅकर पांढरट धुरकट पडतो. दुसरा हात कधी मारायचा ते डब्यावर असतं, तासाभराच्या आत नाहीतर थेट ४८ तासांनी असं काहीसं, आणि लोकांना वाटतं हे कंपनीवाले उगाच लिहितात. मधल्या वेळात वरची साय धरलेली असते आणि आतला रंग ओला असतो, त्यावर नवीन थिनर गेला की सगळं उचलून येतं.

जाता जाता, तुमचा पेपर मी खाली अंथरायला वापरतो, राग मानू नका, पण मास्किंगला वापरत नाही. थिनर त्यातून झिरपतो आणि छपाईची शाई रंगावर उतरायची भीती असते. साधा कोरा कागद बरा.

सगळ्यात जास्त घाण होते ती जोडायच्या घाईत. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पिकला असं नाही, पिकायला कित्येक दिवस जातात, जाड थर असेल तर आठवडा-दोन आठवडे. नाक जवळ नेऊन वास घ्यायचा, थिनरचा वास येतोय म्हणजे अजून वाफ निघतेय, म्हणजे थांबायचं. या अवस्थेत स्क्रीनची टेप लावली, स्क्रू आवळले, टेबलावर पालथा ठेवला की त्याचा ठसा रंगात कायमचा. हेअर ड्रायर पीएलएवर विसरा, आधी सांगितलं तसं साठ डिग्रीला बॉडीच वाकडी व्हायला लागेल. त्याच कारणाने पीएलएच्या बॉडीला काळा कुळकुळीत रंग देऊन ती उन्हात गाडीत ठेवण्यात पण काही अर्थ नाही.

आणि मास्क, तुमच्या फोटोतल्या मुलाने तोंडाला काही बांधलेलंच नव्हतं. पॉलिएस्टर लांबीची, फायबरग्लासची धूळ फुप्फुसात जाते, कोरडं घासताना धुळीचा मास्क पाहिजेच. स्प्रेला धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, तिथे वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क, आणि काम उघड्यावर. दोन भागांचं क्लिअर मिळतं, डब्याच्या तळाची पिन दाबून आतलं हार्डनर मिसळायचं ते, त्याचा थर जबरदस्त टिकतो, हाताच्या घामाला दाद देत नाही, पण त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्याने दमा कायमचा मागे लागू शकतो, पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. नीट साधनं नसतील तर ते वापरूच नका. शाळकरी मुलांनी तर नाहीच. साध्या क्लिअरचे तीन-चार पातळ हात गेमच्या बॉडीला पुरतात.

चकचकीत की मॅट हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला मॅट आवडतो. चकचकीत रंगावर तुमची घासण्यातली प्रत्येक हयगय उजेडात दिसते, मॅटवर ती जरा माफ होते. भाच्याला चकचकीत लालच हवा होता, त्याला म्हटलं मग घास अजून, तर त्याने घासला, एवढं कौतुक केलं पाहिजे.

प्रत्येक ओरखडा मिटवलाच पाहिजे असंही माझं म्हणणं नाही. निन्टेंडोच्या १९८९ च्या गेमबॉय या हँडहेल्डचा एक पीस आखाती युद्धात जळाला होता, बॉडी वितळून काळीठिक्कर पडलेली, तरी तो चालत होता, आणि निन्टेंडोने तो न्यूयॉर्कच्या आपल्या दुकानात कित्येक वर्षं तसाच काचेत मांडून ठेवला. त्याला नवीन बॉडी घालणं त्यांना काय अवघड होतं? तसंच ज्याने गेम बनवला त्याला एखादा चरा ठेवावासा वाटला तर ठेवू दे, फक्त चीर आणि चरा यात फरक आहे. चऱ्याने काही बिघडत नाही. चीर मात्र आतून बांधलीच पाहिजे, मग वरून रंग द्या नाहीतर देऊ नका.

तेव्हा पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या मधे तिसरा एक फोटो छापा, बॉडी उघडून आतल्या बाजूचा. तिथे फायबरग्लासची पट्टी दिसली, नवा खांब दिसला, तर वाचणाऱ्याला कळेल की काम झालंय. आणि प्रत्येक पायरीसमोर सुकायला किती वेळ लागतो ते तास लिहा. जागा कमी पडत असेल तर ‘नंतर’चा फोटो लहान केलात तरी माझी हरकत नाही.

कळावे,
आपला एक वाचक